एडविन लिंक : विमानविद्येच्या तालमीचा जनक

आमच्या परभणी जिल्ह्यातील जुन्या गावांतून हिंडताना एखादी तालीम बहुधा दृष्टीस पडते. आत पाऊल टाकल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती तेथील माती. वस्ताद मंडळी ती नित्य खणतात, चाळतात, तिच्यात तेल, ताक व हळद मिसळतात आणि तिला लोण्यासारखी मऊ राखतात. हा सारा खटाटोप कशासाठी? पडणाऱ्याचे हाड मोडू नये यासाठी. शिकाऊ मल्ल त्या मातीत दिवसातून वीस वेळा पाठ टेकतो, उठतो, अंग झाडतो व पुन्हा शड्डू ठोकतो. पडण्याचे भय गेलेले असते, म्हणूनच त्याला डाव येतो. तीच कुस्ती पहिल्या दिवसापासून फरशीवर खेळावी लागली असती, तर एक तर त्याचे हातपाय मोडले असते, नाही तर भयाने त्याने डाव टाकलाच नसता.

हे झाले जमिनीवरचे. पण ज्याचा आखाडाच आकाशात आहे, त्याने पडावयास कोठे शिकावे? शेकडो उतारूंचे प्राण हाती घेऊन विमान हाकणाऱ्या वैमानिकावर ऐन उड्डाणाच्या क्षणी इंजिन बंद पडण्याचा, आग लागण्याचा किंवा धुराने कोठडी भरून जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. अशा समयी काय करावे हे पुस्तकात वाचून भागत नाही. ते हातांनी करून पाहिलेले असावे लागते. परंतु खरेखुरे विमान कोणी पेटवून पाहावे? हा पेच ज्याने सोडविला आणि आकाशातील विद्येसाठी जमिनीवर मऊ मातीची तालीम बांधून दिली, त्या एडविन अल्बर्ट लिंक नावाच्या अमेरिकन कारागिराचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

चरित्र दूरदेशीचे खरे, परंतु त्याचे प्रयोजन आम्हां मराठवाड्यातील लोकांस परके नाही. ता. २६ एप्रिल १९९३ रोजी, ऐन उन्हाळ्यातील दुपारी, त्या वेळच्या औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील विमानतळावरून मुंबईस जाणारे एक बोइंग विमान उडाले. धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्याने कापसाच्या गाठींनी लादलेला एक मालमोटार-ट्रक चालला होता. आमच्या भागात कापसाच्या गाठी वाहणारे ट्रक कोणी पाहिले नाहीत? विमान पुरेसे वर चढलेले नव्हते. त्याची चाके त्या ट्रकावर आदळली, पुढे ते विजेच्या तारांस लागले व शेतात कोसळले. आतील ११८ जणांपैकी ५५ प्राणांस मुकले. विमान उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले गेले हा एक दोष, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक रोखली नव्हती हा दुसरा, असे चौकशीत ठरले. विमानाचे नाक केव्हा व किती उचलावे, ही गोष्ट काही सेकंदांची. पण त्या सेकंदांवर पंचावन्न घरांचे दिवे अवलंबून होते. त्या सेकंदांची पूर्वतयारी कशी करावी, हाच लिंक यांच्या आयुष्याचा प्रश्न होता.

एडविनचा जन्म ता. २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेतील इंडियाना संस्थानात हंटिंग्टन या गावी झाला. तो सहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी न्यूयॉर्क संस्थानातील बिंगहॅम्टन या शहरी एक बुडालेला वाद्यांचा कारखाना विकत घेतला व कुटुंब तिकडे नेले. या कारखान्यात आपोआप वाजणारे पियानो व मोठमोठे ऑर्गन तयार होत. हे ऑर्गन त्या काळी मूकचित्रपटांच्या नाट्यगृहांतून वाजविले जात.

एडविनच्या पुढील शोधाचे बीज या वाद्यांतच असल्यामुळे त्यांची रचना येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी वाजणारी बाजाची पेटी सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. पेटीवाला एका हाताने भाता हलवितो, वारा आत भरतो, आणि पट्टी दाबली की तो वारा सुरेल वाट काढून बाहेर पडतो. आपोआप वाजणाऱ्या पियानोत अशाच वाऱ्याच्या जोरावर पट्ट्याच दाबल्या जातात. भोके पाडलेली कागदाची एक लांब गुंडाळी यंत्रावरून सरकत जाते. भोक आले की त्यातून वारा खेचला जातो, त्यासरशी एक लहानसा भाता मिटतो आणि त्याच्याशी जोडलेली पट्टी खाली जाते. अर्थात भाता फुगला किंवा मिटला की वस्तू हलते, आणि लहानशा झडपेने मोठ्या भात्यास हुकूम देता येतो, हे तत्त्व एडविनने शाळकरी वयातच कारखान्यात काम करीत असता हातांनी जाणून घेतले होते.

पण त्याचे चित्त वाद्यांपेक्षा आकाशाकडे अधिक ओढ घेई. राइट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन सतरा वर्षेही झाली नव्हती, अशा १९२० सालात सोळा वर्षांच्या एडविनने कॅलिफोर्नियात पन्नास डॉलर मोजून विमानविद्येचा पहिला धडा घेतला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शिकविणाऱ्याने त्याला विमानात घालून सुमारे तासभर आकाशात कोलांट्या मारून दाखविल्या, घरांच्या छपरांवरून विमान सूं करीत नेले व खाली उतरविले. विद्यार्थ्याला मात्र त्याने विमानाच्या दांड्यास हातही लावू दिला नाही. एडविन खाली उतरला तो खट्टू होऊनच. उडण्याचा आनंद त्याला झाला होता; शिकण्याचा मात्र झाला नव्हता.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून या प्रसंगापाशी आम्ही क्षणभर थांबतो. त्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, परंतु त्याचीही अडचण खरी होती. शिकाऊ पोराच्या हाती दांडा द्यावा, तर एका चुकीत दोघांचेही प्राण जावयाचे; आणि न द्यावा, तर पोर कधीच शिकावयाचे नाही. चूक केल्यावाचून विद्या येत नाही आणि आकाशात चूक करण्यास मुभा नाही, अशी ही कोंडी होती. इतरांनी ती नशिबाची गोष्ट म्हणून सोडून दिली. एडविनने ती मनात धरून ठेवली.

पुढील काही वर्षांत तो मोठ्या चिकाटीने, मिळेल तेथून व मिळेल तसा, विमान चालविण्यास शिकला. १९२७ साली त्याने सेस्ना कंपनीचे एक विमान मिळविले आणि गावोगाव उड्डाणे दाखवून, उतारू नेऊन व शिकवण्या करून तो आपला चरितार्थ चालवू लागला. त्याच सुमारास वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात त्याने एक विलक्षण वस्तू घडविण्यास आरंभ केला. १९२७ ते १९२९ या काळात ती सिद्ध झाली आणि १९३१ साली तिचे पेटंट त्याला मिळाले.

ही वस्तू म्हणजे एक बुटके, आखूड पंखांचे लाकडी विमान होते. ते लहान मुलांच्या खेळण्यासारखेच दिसे. एका माणसापुरती त्यात जागा होती. ते एका चौकीवर अशा सांध्याने बसविले होते, की ते पुढेमागे, डावीउजवीकडे कलू शके आणि स्वतःभोवती फिरूही शके. त्याच्या पोटाखाली चार भाते होते, ऑर्गनमध्ये असतात तसेच. आत बसलेल्याने दांडा मागे ओढला की झडपा उघडत, पुढचा भाता फुगे, मागचा मिटे आणि विमानाचे नाक वर जाई. दांडा बाजूला नेला की विमान त्या अंगास कले. पायांखालच्या पट्ट्या दाबल्या की ते वळे. विजेच्या पंपाने भात्यांतील वारा खेचला जाई. अशा रीतीने जे भाते कालपर्यंत नाट्यगृहांत सूर काढीत होते, ते आता जमिनीवर आकाशाचा भास निर्माण करू लागले.

नव्या शोधाची किंमत जगाने लगेच ओळखली असे समजू नये. लिंक यांनी स्वतःची वैमानिक शाळा काढली, तिच्यात हे यंत्र ठेवले आणि आपल्या भावासही आधी त्यातच बसवून शिकविले. परंतु नामांकित वैमानिकांनी नाके मुरडली. जमिनीला खिळलेल्या पेटीत बसून कोणी उडावयास शिकते काय, असा त्यांचा भाव होता. सैन्यातील अधिकाऱ्यांनीही दुर्लक्ष केले. यंत्रे विकली गेली ती बहुतेक जत्रेतल्यासारख्या करमणुकीच्या बागांना. तेथे पोरेसोरे नाणे टाकून घटकाभर डुलून घेत. त्यातच १९२९ च्या अखेरीस जगावर मोठी मंदी कोसळली. लिंक यांनी हार मानली नाही. पंखांखाली दिवे लावून आणि पियानोच्या गुंडाळीच्याच युक्तीने ते उघडमीट करून, रात्रीच्या आकाशात जाहिरातीची अक्षरे उमटविण्याचा धंदा त्यांनी केला. १९३१ साली त्यांचा विवाह मॅरियन क्लेटन यांच्याशी झाला. या बाई पुढे जन्मभर त्यांच्या कामातील भागीदार राहिल्या.

या रात्रीच्या व खराब हवेतील उड्डाणांतून लिंक यांना एका गोष्टीचे महत्त्व पुरते कळले. ती म्हणजे डोळे मिटून उडण्याची विद्या. ढगात किंवा धुक्यात शिरलेल्या वैमानिकाला ना जमीन दिसते, ना क्षितिज. अशा वेळी तो शरीराच्या जाणिवेवर विसंबला तर बुडालाच समजावे. आमच्या मुलींना याचा दाखला चांगला ठाऊक आहे. जोराने फुगडी घालून एकदम थांबले की आपण स्थिर असूनही अंगण गरगर फिरत असल्याचा भास होतो. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय काही काळ खोटे सांगत असते. ढगातल्या वैमानिकाचेही तेच होते. विमान एका अंगास कलून गिरकी घेत खाली जात असते आणि त्याचे शरीर त्याला सांगते, की सर्व काही सरळ आहे. तेथे तारणारी गोष्ट एकच. समोरच्या वेगदर्शक, उंचीमापक, दिशादर्शक इत्यादी यंत्रांवर विश्वास ठेवणे व शरीराचे म्हणणे न ऐकणे. ही गोष्ट सांगण्यास सोपी, पण अंगवळणी पडण्यास फार कठीण. लिंक यांनी आपल्या पेटीत ही सर्व यंत्रे बसविली आणि वर झाकण घातले. आत शिरलेल्या विद्यार्थ्यास बाहेरचे काहीच दिसेना. त्याला यंत्रांशिवाय दुसरा आधार उरला नाही.

आणि मग ती वेळ आली, जिने जगाला या पेटीकडे वळून पाहावयास लावले. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने टपाल वाहून नेण्याचे खाजगी कंपन्यांचे करार रद्द केले व ते काम सैन्याच्या विमानदलाकडे सोपविले. ऐन हिवाळा होता. बर्फ, वादळ व धुके यांतून, आणि तेही रात्री, उडावे लागे. सैन्यातील तरुण वैमानिक शूर होते, पण यंत्रांकडे पाहून उडण्याचा त्यांना सराव नव्हता. थोड्याच आठवड्यांत दहांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. सारा देश हळहळला. या तरुणांच्या अंगी धैर्याची वाण नव्हती. वाण होती ती तालमीची.

तेव्हा कोठे अधिकाऱ्यांना लिंक यांच्या पेटीची आठवण झाली. नेवार्क येथील विमानतळावर भेटीचा दिवस ठरला. त्या दिवशी धुके व पाऊस यांनी हवा इतकी कोंदली होती, की लिंक येणे शक्यच नाही असे समजून अधिकारी निघण्याच्या बेतात होते. तोच ढगांतून विमानाचा आवाज ऐकू आला आणि लिंक केवळ यंत्रांच्या आधारे आपले विमान सुखरूप खाली घेऊन आले. यापेक्षा अधिक व्याख्यानाची गरज उरली नाही. सैन्याने ३,५०० डॉलरांस एक या दराने सहा यंत्रे मागविली. भात्यांच्या त्या पेटीचे दिवस पालटले ते तेव्हापासून.

यानंतर दुसरे महायुद्ध पेटले आणि हजारो तरुणांना अल्पावधीत वैमानिक बनविण्याची निकड उत्पन्न झाली. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत लिंक यांची यंत्रे रांगेने मांडली गेली. त्यांचा रंग बहुधा निळा असे, म्हणून विद्यार्थी त्यांना निळी पेटी म्हणत. आत विद्यार्थी झाकणाखाली घाम गाळीत असे. बाहेर टेबलाशी शिक्षक बसलेला असे. टेबलावरील नकाशावर तीन चाकांचे एक लहानसे यंत्र खेकड्यासारखे सरकत जाई आणि विद्यार्थी आकाशात कोठून कसा गेला असता, याची शाईने रेघ ओढीत राही. शिक्षक मनात येईल तेव्हा वादळ उठवी, वारा बदली, एखादे यंत्र बिघडवी. विद्यार्थी गोंधळला की पेटी गिरकी घेई आणि उंचीमापकाचा काटा शून्यावर येई. याचा अर्थ तो मेला! पण झाकण उघडून तो हसत, थोडा खजील होऊन, बाहेर येई. शिक्षक नकाशावरील रेघेवर बोट ठेवून त्याची चूक दाखवी, आणि तो पुन्हा आत जाऊन बसे. या युद्धकाळात दहा हजारांहून अधिक निळ्या पेट्या तयार झाल्या आणि सुमारे पाच लाख वैमानिकांनी त्यांत धडे घेतले. त्यांपैकी किती जणांचे प्राण त्या पेटीने वाचविले, याची मोजदाद कोणी करू शकणार नाही. कारण न घडलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसते.

युद्धानंतर उतारूंच्या मोठ्या विमानांचे युग आले. भात्यांची जागा विजेच्या गणकयंत्रांनी घेतली आणि निळ्या पेटीचे वंशज, ज्यांना आज सिम्युलेटर म्हणतात, ते जन्मास आले. आजचा सिम्युलेटर म्हणजे सहा जाडजूड यांत्रिक पायांवर उभी असलेली एक मोठी खोली होय. आत बसले असता हुबेहूब विमानाची कोठडी. तेच काटे, तीच बटणे, खिडकीबाहेर तीच धावपट्टी व तेच ढग. गुरुजी मागे बसून एक कळ दाबतात आणि उड्डाणाच्या नेमक्या क्षणी एका बाजूचे इंजिन बंद पडते, किंवा कोठडीत धूर भरतो, किंवा उंचावर असता आतील हवेचा दाब नाहीसा होतो. दोघे वैमानिक एकमेकांशी बोलत, ठरलेली यादी क्रमाने वाचीत, संकटाशी झुंजतात. मुंबई व हैदराबाद येथे अशी यंत्रे आली आणि उतारूंची विमाने चालविणाऱ्या वैमानिकास, तो कितीही अनुभवी असो, साधारणतः दर सहा महिन्यांनी त्यांत बसून परीक्षा द्यावी लागते. वीस वर्षे विमान हाकलेला मनुष्य वर्षातून दोनदा पुन्हा विद्यार्थी होतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

अशा संकटांचा सराव खऱ्या विमानात करावयास गेले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ता. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर एका खाजगी कंपनीचे बोइंग विमान शिकाऊ वैमानिकांना घेऊन सराव करीत होते. एक इंजिन निकामी झाल्याचे सोंग करून धडा चालला असता विद्यार्थ्याकडून चुकीच्या बाजूची पट्टी दाबली गेली. विमान कोसळले व उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर जाऊन आदळले. आतील चौघेही गेले; जमिनीवरचे निरपराधही गेले. हीच चूक सिम्युलेटरमध्ये झाली असती, तर तिची किंमत गुरुजींच्या चार कठोर शब्दांपलीकडे गेली नसती.

यंत्रांवर विश्वास ठेवण्याच्या पाठालाही एक जोड द्यावी लागली, आणि तीही मोठी किंमत देऊन. ता. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे विशाल विमान सांताक्रूझहून उडाले आणि थोड्याच वेळात वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळून २१३ जणांस जलसमाधी मिळाली. मुख्य वैमानिकासमोरील विमानाचा कल दाखविणारे यंत्रच बिघडले होते. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. त्या एका खोट्या यंत्रावर विसंबून विमान डावीकडे कलविले गेले, ते सावरलेच नाही. इतर यंत्रे खरे सांगत होती. म्हणून आजच्या तालमीत शरीरावर विसंबू नये एवढेच शिकवीत नाहीत. एक यंत्रही खोटे बोलू शकते, तेव्हा दुसऱ्याशी व तिसऱ्याशी ताडून पाहावे, आणि शेजारच्या सोबत्याचे ऐकावे, हेही शिकवितात.

आता चरित्रनायकाकडे वळू. लिंक यांनी १९५४ साली आपला कारखाना दुसऱ्या कंपनीस विकला. धन पुष्कळ मिळाले होते. त्यातून त्यांनी व त्यांच्या पत्नीने आधीच, १९५३ साली, विद्याभ्यास व संशोधन यांस साहाय्य करणारा एक निधी स्थापिला होता. पन्नाशीच्या मनुष्याने स्वस्थ बसावयास हरकत नव्हती; पण त्यांचे लक्ष आता आकाशाकडून समुद्राकडे वळले. पाण्याखाली माणसाला दीर्घकाळ सुखरूप कसे राहता येईल, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १९६२ साली भूमध्य समुद्रात स्वतः बनविलेल्या धातूच्या नळकांड्यात बसून ते सुमारे साठ फूट खोल आठ तास राहिले. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. दुसऱ्यास धोक्यात लोटण्यापूर्वी आपण उतरून पाहावे, हा त्यांचा शिरस्ता होता. पुढे त्यांनी पाण्याखाली चालणारी एक पाणबुडी बनविली. तिच्या पुढील भागी पारदर्शक गोल होता, मागील भागी पाणबुड्यांसाठी अल्युमिनियमची कोठडी होती.

याच पाणबुडीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दारुण प्रसंग आणला. ता. १७ जून १९७३ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी बुडविलेल्या एका युद्धनौकेच्या अवशेषांजवळ ही पाणबुडी तारांत अडकली. आत चौघे होते. मागील कोठडीत होता लिंक यांचा एकतीस वर्षांचा पुत्र क्लेटन, आणि त्याचा एक सोबती. वर काढण्याचे यत्न एकामागून एक फसले. तळाच्या थंडीने अल्युमिनियमची कोठडी गार पडली आणि उच्छ्वासातील दूषित वायू शोषून घेणारे द्रव्य त्या थंडीत निकामी झाले. सुमारे एक दिवस उलटल्यावर पाणबुडी वर आली, तेव्हा पुढच्या गोलातील दोघे जिवंत होते. क्लेटन व त्याचा सोबती गेले होते.

ज्या मनुष्याने परक्यांच्या लाखो मुलांना संकटातून निभावून जाण्याची विद्या दिली, त्याचाच मुलगा त्यानेच घडविलेल्या यंत्रात संकटास बळी पडावा, याहून क्रूर विपर्यास कोणता? याचा अर्थ लावण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मात्र लिंक यांनी पुढे काय केले, ते सांगितलेच पाहिजे. त्यांनी समुद्राकडे पाठ फिरविली नाही, दैवाला बोल लावीत बसले नाहीत. सत्तरीच्या घरातील तो पिता पुन्हा आपल्या कामाच्या मेजाशी बसला आणि त्याने माणसावाचून तळाशी जाणारे, दिवे व डोळे असलेले, अडकलेल्या तारा तोडून पाणबुडी मोकळी करणारे एक यंत्र सिद्ध केले. आपल्या पुत्राच्या उपयोगी ते पडले नाही. दुसऱ्या कोणाच्या पुत्रासाठी ते होते. दुःखाला कामाचे रूप देणे याहून अधिक मोठे असे मनुष्याच्या हाती फारसे काही नसते.

ता. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ज्या शहरात त्यांनी भात्यांशी खेळत बालपण घालविले, तेथील विमानतळास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

लिंक यांच्या तालमीलाही मर्यादा आहे, हे त्यांचे चाहते म्हणून आम्ही लपवू इच्छीत नाही. तालमीत जो डाव घोटवून घेतला नाही, तो फडात आयता सुचत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात व २०१९ च्या मार्चमध्ये एका नव्या जातीची दोन बोइंग विमाने पडून एकूण ३४६ माणसे मेली. त्या विमानात बसविलेली एक नवी यंत्रणा आपोआप नाक खाली दाबीत होती, आणि तिच्याशी झुंजण्याचा सराव वैमानिकांकडून सिम्युलेटरमध्ये करवून घेतलेला नव्हता. खर्च व वेळ वाचविण्यासाठी तालमीस फाटा दिला, त्याचे हे फळ. २०२० साली ती जात पुन्हा उडू लागली, तेव्हा असा सराव सक्तीचा करण्यात आला. याउलट ता. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या थव्याने एका विमानाची दोन्ही इंजिने निकामी केली असता, वैमानिकांनी साडेतीन मिनिटांच्या आत ते हडसन नदीवर उतरविले व १५५ पैकी एकही जीव गेला नाही. नेमका तो प्रसंग त्यांनी पूर्वी घोटला नव्हता. परंतु संकटात हात न कापू देण्याची, कामे वाटून घेण्याची व क्रम न सोडण्याची सवय वर्षानुवर्षांच्या तालमीने त्यांच्या अंगी मुरली होती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे बारामती किंवा गोंदिया येथील वैमानिक शाळेत जाईल, कोणी डॉक्टर होईल, कोणी बापाची शेती करील. प्रत्येकाच्या आयुष्यात त्याचे इंजिन बंद पडण्याची घटका येईल. त्या घटकेपूर्वी चुका करून घेण्याची जागा म्हणजे ही शाळा. गणिताच्या वहीत चुकलेल्या हिशेबाने कोणाचे दिवाळे निघत नाही. प्रयोगशाळेत सांडलेल्या द्रावणाने कोणी रोगी दगावत नाही. म्हणून येथे हात वर करण्यास भिऊ नका.

आणि पालकहो, तुमच्याशी बोलण्यापूर्वी आम्ही आमचाच कबुलीजबाब देतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही चाचणीच्या वहीतील प्रत्येक चुकीखाली तांबडी रेघ ओढीत होतो आणि चुकणाऱ्यास वर्गापुढे उभे करीत होतो. एक मुलगा असा होता, की वर्ष संपता संपता त्याच्या वहीत चुकाच दिसेनाशा झाल्या. आम्हांस धन्यता वाटली. मागाहून कळले, की तो उत्तरे शेजाऱ्याची पाहून उतरवीत असे. स्वतः लिहून चुकण्याचे धैर्य आम्हीच त्याच्यापासून हिरावून घेतले होते. वार्षिक परीक्षेत शेजारी नव्हता, आणि तो कोसळला. त्याच्या त्या कोऱ्या उत्तरपत्रिकेची आठवण आम्हांस आजही अस्वस्थ करते. लिंक यांच्या पेटीतील शिक्षक विद्यार्थ्याची चूक लपवीत नसे व तिची थट्टाही करीत नसे. तो नकाशावरील रेघेवर बोट ठेवी आणि त्याला पुन्हा आत बसवी. लिंक यांच्या चरित्राने हा धडा आम्हांस उशिरा का होईना शिकविला. तुमची मुले घरी व आम्ही शाळेत, मातीत पडोत. फक्त ती माती मऊ राखण्याचे काम आपण दोघांनी मिळून केले पाहिजे.